चांगला बनवलेला गेम मजेशीर असतोच का?

काँट्रा हा गोळीबाराचा जुना गेम ज्यांनी दोघांनी मिळून खेळला आहे, त्यांना तिसरी लेव्हल नक्की आठवत असेल. धबधब्याची. पहिल्या लेव्हलमध्ये डावीकडून उजवीकडे पळणारा गेम इथे एकदम खालून वर चढायला लागतो. दोघांपैकी एक जण घाईने वरच्या खडकांवर उड्या मारत सुटतो, त्याच्याबरोबर स्क्रीन वर सरकते आणि मागे राहिलेला दुसरा स्क्रीनच्या खालच्या कडेबाहेर गेला की मरतो. त्याला गोळी लागलेली नसते, शत्रू जवळही नसतो. जोडीदार पुढे गेला एवढंच कारण.

कागदावर पाहिलं तर हा सरळसरळ डिझाइनचा दोष आहे. दोघांनी एकमेकांना सांभाळून खेळायच्या गेममध्ये एकाच्या घाईची शिक्षा दुसऱ्याला होते. पण नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेमवर काँट्रा खेळलेल्या कुणाशीही बोला, सगळ्यात आधी हीच लेव्हल निघते. "अरे थांब, मला वर येऊ दे!" हे ओरडणं, रिमोट ओढणं, "एस" लिहिलेली बंदूक कुणी घ्यायची यावरून भांडणं, सगळं त्या दोषासकट आठवतं आणि आवडीने आठवतं.

मग गेममधली मजा त्याच्या डिझाइनच्या दर्जावर अवलंबून असते की नसते? असते, पण "जितका दर्जा जास्त तितकी मजा जास्त" असं सरळ गणित नाही. काही दोष मजेचा जीव घेतात, काही दोषांनी तिला धक्काही लागत नाही, आणि काही तर तिच्यात भर घालतात. कोणता दोष कोणत्या जातीचा हे ओळखता आलं की या प्रश्नाचा बराचसा गुंता सुटतो.

आधी डिझाइन म्हणजे काय ते नक्की करू, कारण बहुतेकांच्या मनात चित्रं येतात. झाडाची पानं किती खरी वाटतात, पाण्यात आकाश दिसतं का, हे ग्राफिक्स झालं. गेमचं डिझाइन म्हणजे नियम: बटण दाबल्यावर काय होतं, किती वेळात होतं, चुकलं तर काय गमावतं, अवघड गोष्ट कोणत्या क्रमाने समोर येते, आणि हे सगळं खेळणाऱ्याला न सांगता कळतं का.

१९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सचं उदाहरण घ्या. तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेल्या या जपानी गेममध्ये ५५ परग्रहवासी रांगांमध्ये खाली उतरत येतात आणि आपण खालून त्यांना टिपतो. त्या काळातल्या मशीनला एवढ्या आकृत्या भराभर काढणं झेपत नव्हतं. एकेक मरत गेला की मशीनवरचा भार कमी व्हायचा आणि उरलेले जास्त वेगाने सरकायचे. शेवटचा एकटा तर सुसाट धावायचा. ही यंत्राची मर्यादा होती. पण खेळ जसजसा संपत येतो तसतसा चुरशीचा होतो हे निशिकादोंच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती तशीच ठेवली. पुढे हजारो गेमनी ही चढती काठिण्यपातळी उचलली. ठरवून केलेली गोष्टच डिझाइन असते असं नाही, आपोआप घडलेली गोष्ट ओळखून राखणं हेही डिझाइनच.

आता मजा कुठून येते ते पाहू. माझ्या मते कुठल्याही गेमच्या गाभ्याशी एक छोटी साखळी असते: मी काहीतरी केलं, त्यामुळे काहीतरी झालं, का झालं ते मला कळलं, आता पुढच्या वेळी मी वेगळं करून बघतो. ही साखळी सेकंदासेकंदाला फिरत असते. ती अखंड असेल तर हरतानाही हात रिमोटवरून निघत नाही.

ही साखळी किती काळजीने घडवता येते ते १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सच्या पहिल्याच स्क्रीनवर दिसतं. मारिओ डाव्या कडेला, तोंड उजवीकडे, समोर मोकळी जागा. एकही सूचना नाही, पण जायचं कुठे हे कळतं. थोडं पुढे गेलं की प्रश्नचिन्हाचे चौकोन चमकताना दिसतात आणि समोरून रागीट चेहऱ्याचा एक बुटका चालत येतो. त्याला धडकलात तर मेलात, पण सुरुवातीलाच मेल्यामुळे गमावलं काहीच नाही. दुसऱ्यांदा तुम्ही उडी मारता. उडी मारताना डोकं चौकोनाला लागण्याचा संभव मोठा, आणि लागलं की नाणं किंवा मश्रूम बाहेर येतो. मश्रूम उजवीकडे घसरत जातो, पुढच्या हिरव्या पाइपाला आपटतो आणि उलटा फिरून तुमच्याच दिशेने येतो. नुकताच एका चालत येणाऱ्या गोष्टीने जीव घेतलेला असतो, त्यामुळे तुम्ही याच्यापासूनही पळायला बघता. पण डोक्यावर चौकोनांची रांग असल्याने उडी मारून सुटणं कठीण. मश्रूम अंगाला लागतो आणि मारिओ मोठा होतो. तेव्हा समजतं, हा मित्र आहे. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी ही सगळी आखणी स्वतः मुलाखतींत उलगडून सांगितली आहे.

याच लेव्हलमध्ये पुढे दोन पायऱ्यांच्या मध्ये एक फट येते, पण तिच्या तळाशी जमीन आहे. पडलात तरी काही होत नाही, परत चढायचं. थोडं पुढे गेलं की तशीच फट पुन्हा येते, आणि या वेळी खाली खड्डा. जी उडी आत्ता फुकटात शिकलात, तीच आता जिवावर बेतणारी. शिकवणीचा एक शब्दही न बोलता केलेली ही शिकवणी आहे, आणि मला ती आजही थक्क करते.

चांगल्या डिझाइनची दुसरी बाजू डोळ्यांना दिसतच नाही. २०१८ चा सेलेस्टे हा डोंगर चढण्याचा गेम अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात शेकड्यांनी मरावं लागतं. तरी खेळणारे त्याला क्रूर म्हणत नाहीत. कारण गेम गुपचूप खेळणाऱ्याच्या बाजूने असतो. तुम्ही कड्याच्या टोकावरून पुढे गेलात, पायाखाली जमीन उरलेली नाही, आणि मग उडीचं बटण दाबलंत, तरी साधारण एक दशांश सेकंदापर्यंत गेम ती उडी मान्य करतो. जमिनीला पाय टेकण्याआधीच घाईने बटण दाबलंत तर तो ते लक्षात ठेवून टेकल्याबरोबर उडी मारतो. वर उडताना डोकं एखाद्या कोपऱ्याला जेमतेम घासलं तर पात्राला किंचित बाजूला सरकवून वर जाऊ देतो. माणसाच्या डोळ्यांना आणि बोटाला उशीर होतोच. गेमने यंत्राच्या काटेकोरपणाने न्याय केला तर खेळणाऱ्याला वाटतं, "मी तर दाबलं होतं!" आणि ते खरंच असतं, त्याच्या जाणिवेपुरतं. ही सवलत दिली की मेल्यावर मनात येतं, "चुकलं माझं, परत." साखळी तुटत नाही.

ती तुटली की काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अटारी या अमेरिकन कंपनीचा १९८२ चा ई.टी. त्याच नावाच्या चित्रपटावरून नाताळच्या विक्रीसाठी तो घाईघाईने बनवला गेला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांच्या हाती साधारण पाच आठवडे होते. हे वॉर्शॉ कच्चे नव्हते. त्यांचाच यार्स रिव्हेंज अटारीच्या गेमयंत्रावरच्या उत्तम गेममध्ये गणला जातो. ई.टी. मध्ये जमिनीवर खड्डे आहेत, त्यात उतरून टेलिफोनचे तुकडे शोधायचे. अडचण अशी की ई.टी.च्या आकृतीचा कुठलाही ठिपका खड्ड्याच्या चित्राला शिवला की तो खाली पडतो. पाय जमिनीवर आहेत असं डोळ्यांना दिसतं, पण डोक्याचं टोक वरच्या खड्ड्याला लागलं, पडला. मान लांबवून तरंगत वर यायचं, आणि वर येताच पुन्हा त्याच खड्ड्यात. का पडलो ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी काय वेगळं करायचं तेही कळत नाही. मुलं वैतागली, कॅसेटी परत आल्या, आणि १९८३ मध्ये अटारीने न खपलेल्या मालाबरोबर त्यातल्या बऱ्याच अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरल्या. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा त्या बाहेरही निघाल्या.

मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०१३ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने जुन्या ई.टी.चा कोड उघडून खड्ड्यांची ही खोट दुरुस्त केली. चित्रं जवळपास तीच, कथा तीच. मुख्य बदल म्हणजे पडण्याचा नियम डोळ्यांना दिसतं त्याच्याशी जुळवला. तेवढ्याने तो महान गेम झाला नाही, पण खेळता येण्याजोगा झाला. खेळपट्टी नीट असली म्हणून सामना रंगतोच असं नाही. पण एकाच टप्प्यावरून चेंडू कधी डोक्यावरून आणि कधी घोट्याखालून यायला लागला, तर कितीही चांगला फलंदाज तिथे रमणार नाही. डिझाइनचा आणि मजेचा संबंध मला साधारण असाच दिसतो.

याउलट, साखळीला हात न लावणारे दोष किती खपून जातात बघा. ड्वार्फ फोर्ट्रेस हा २००२ पासून दोन अमेरिकन भाऊ बनवत आलेला आणि २००६ मध्ये लोकांसमोर आलेला गेम कित्येक वर्षं कीबोर्डवरच्या अक्षरांनीच दिसायचा. माणूस म्हणजे एक हसरा गोळा, कुत्रा म्हणजे इंग्रजी डी हे अक्षर. कोणतं बटण कशासाठी हे पाठ करायला आठवडे लागायचे. तरी त्याच्यावर जीव लावणारे हजारो लोक होते, कारण आतलं जग पक्क्या नियमांनी चालायचं. धरण फुटलं तर का फुटलं हे मागे जाऊन शोधता यायचं. चित्रांची नीटस आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि नवे लोक झुंडीने आले, म्हणजे ते अक्षरांचं कुंपण अनेकांना अडवत होतं हे खरं. पण आत शिरलेल्यांची मजा त्याने कमी केली नव्हती.

काही वेळा तर दोषच गेमचं सोनं करतो. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये एका फटक्यानंतर अगदी अचूक वेळी दुसरा मारला तर समोरच्याला तो अडवताच येत नाही, हे बनवणाऱ्यांना तपासणीच्या वेळी योगायोगाने आढळलं. इतक्या अचूक वेळेचं कुणाला जमणार नाही असं समजून त्यांनी ते राहू दिलं. आज मारामारीच्या जवळपास प्रत्येक गेमचा कणा असलेले कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडून मारलेले फटके, तिथून आले. २०१४ च्या गोट सिम्युलेटरमध्ये स्वीडनच्या कॉफी स्टेन कंपनीने गेम बंद पाडणारे बग, म्हणजे कोडमधल्या चुका, तेवढे काढले आणि बाकीचे मुद्दाम ठेवले. बकरीची मान रबरासारखी ताणली जाते, ती भिंतीत अडकते, आकाशात फेकली जाते, आणि लोक खो खो हसतात.

इथे एक शंका रास्त आहे. मजा म्हणजे शेवटी वाटणं, आणि वाटण्याला मोजमाप काय? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ मध्ये बाजारात येण्याआधी चाचणीत असताना तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीला एक प्रश्न होता. लोकांनी सलग तासन्‌तास खेळू नये म्हणून त्यांनी असा नियम केला की काही वेळानंतर मिळणारे गुण निम्मे व्हायचे. खेळाडू भडकले. मग कंपनीने आकड्यांची मांडणी फिरवली. आधी ज्याला "नेहमीचे" गुण म्हणत, त्याला आता "विश्रांती घेतल्याबद्दल दुप्पट" म्हटलं, आणि निम्म्याला "नेहमीचे". हिशोब जवळपास तोच. तक्रारी मावळल्या आणि तोच नियम बक्षीस म्हणून आवडू लागला. ही फसवणूक नाही. माणसाला एखादी गोष्ट शिक्षा वाटते की बक्षीस, हेही डिझाइनचंच अंग आहे, कारण खेळणारा आकडे खेळत नाही, अनुभव खेळतो.

पण डिझाइनच्या हातात नसलेलंही पुष्कळ आहे. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये गेम का आवडतात यावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांना आवडीशी तीन गोष्टी जोडलेल्या दिसल्या: आपल्याला जमतंय ही भावना, आपण आपल्या मर्जीने करतोय ही भावना, आणि इतरांशी जोडलं गेल्याची भावना. बटणं सहज हाती बसण्याचा संबंध पहिल्या दोन भावनांशी होता. पहिल्या दोन गोष्टींना डिझाइनर बराच हातभार लावू शकतो. तिसरीसाठी मात्र माणसं लागतात.

लुडो किंगचं यश समजायला ही तिसरी गोष्टच लागते. नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीने तो २०१६ मध्ये आणला. निव्वळ डिझाइन म्हणून पाहिलं तर लुडो फारच पातळ खेळ आहे. सहा पडेपर्यंत सोंगटी घराबाहेरच निघत नाही आणि आपल्या हातात तोवर काहीच नसतं. बहुतेक चालींत निवडायला फार काही नसतं, फासा ठरवतो तसं होतं. पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळे आपापल्या घरात अडकलेले असताना पुण्यातली आत्या, ठाण्याचा भाचा आणि परदेशातला मुलगा एका खोलीचा कोड टाकून एका पटाभोवती बसू शकत होते. "काकू, माझी सोंगटी मारू नका हं" असं फोनवर चालायचं आणि काकू हमखास मारायच्या. काँट्राच्या धबधब्यावरही हेच घडत होतं. शेजारी माणूस बसलेला असला की नियमातली खोट भांडणाचं, चिडवण्याचं, हसण्याचं निमित्त होते. तीच लेव्हल एकट्याने खेळून बघा, ती चांगली वाटेल, पण लक्षात राहणार नाही.

आपुलकीही मजेत भर घालते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी हा गेम आणला. सर्कशीत काम करणारी राजी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते, आणि दुर्गा व विष्णू तिची गोष्ट आपसात बोलत सांगतात. त्यातली लढाई काही वेळाने तीच ती वाटायला लागते, हे मी मोकळेपणाने म्हणेन. पण भिंतीवरच्या चित्रांतल्या कथा ओळखीच्या, देवळांच्या कमानी ओळखीच्या. ज्याने आयुष्यभर जपानी आणि अमेरिकन जगांत गेम खेळले, त्याला इथे जे वाटतं ते लढाईच्या नियमांतून आलेलं नसतं, आणि तरी ते खरं असतं.

आता या विषयाचा सगळ्यात गैरसमजाचा भाग. एखादा गेम सुटत नाही याचा अर्थ तो आवडतो असा नव्हे. कँडी क्रश २०१२ चा. त्यात पाच जीव मिळतात, एक गेला की तो परत यायला अर्धा तास. लोकलमध्ये बसलेला माणूस जीव संपल्यावर घड्याळाकडे बघतो, ते आनंदाने बघतो की हुरहुरीने, हे त्याचं त्यालाच विचारावं लागेल. रोज हजेरी लावल्याचं बक्षीस, एक दिवस चुकला की शून्यावर येणारी सलग दिवसांची मोजणी, आत काय आहे हे न कळता पैसे देऊन उघडायच्या पेट्या, या सगळ्यावर अतिशय कुशल डिझाइनर मेहनत घेतात. त्या अर्थाने त्यांचा दर्जा उच्चच म्हणायचा. पण ती कुशलता खेळणाऱ्याला परत आणण्यासाठी वापरलेली असते, आल्यावर त्याचं काय होतं ही गोष्ट वेगळी. पैशाच्या पेट्यांना तर बेल्जियमने २०१८ मध्ये जुगारच ठरवलं.

गेमचे अभ्यासक इयान बोगोस्ट यांनी २०१० मध्ये फेसबुकवरच्या अशा गेमवर टीका म्हणून काऊ क्लिकर बनवला. एक गाय, तिच्यावर दर सहा तासांनी एकदा क्लिक करायचं, बस. गेम किती पोकळ असू शकतो हे दाखवायचं होतं. हजारो लोक तो मनापासून खेळायला लागले. व्हिएतनामच्या डाँग न्युएन यांचा फ्लॅपी बर्ड २०१४ च्या सुरुवातीला जगभर पसरला होता, जाहिरातींतून भरपूर पैसा येत होता, आणि त्याच फेब्रुवारीत त्यांनी तो स्वतःहून काढून टाकला. लोकांना त्याचं व्यसन लागतंय हे कारण त्यांनी दिलं. आपल्या गेमकडे इतक्या प्रामाणिकपणे बघणारा माणूस विरळाच, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. आवडणं आणि न सुटणं यांतला फरक ओळखायची एक साधी खूण आहे. फोन खाली ठेवल्यावर आपण त्या गेमबद्दल कुणाला तरी काही सांगतो का? आवडलेल्या गेममध्ये सांगण्यासारखं काहीतरी घडलेलं असतं.

एवढं सगळं जुळून आलं तरी खेळणारा कोण हा प्रश्न उरतोच. पंधराव्या वर्षी तासन्‌तास झुंजायला मजा येते, चाळिशीत मुलं झोपल्यावर मिळालेल्या अर्ध्या तासात तीच झुंज नकोशी होते. गेम बदललेला नसतो. सेलेस्टेच्या मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी यावर शोधलेला उपाय मला फार पटतो. त्यांनी गेममध्ये एक मदतीचा पर्याय ठेवला. त्यात गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो, चढताना दम संपणार नाही असं करता येतं, हवं तर मरणंच बंद करता येतं. अशाने आव्हानाचा चोथा होतो असं काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्याची बोटं सांधेदुखीने आखडली आहेत, त्याला निम्म्या वेगातली उडी तेवढीच अवघड आहे जेवढी तरुणाला पूर्ण वेगातली. मेल्यावर "चुकलं माझं, परत" असं त्यालाही म्हणता यायला हवं, आणि शिखर गाठल्यावर दिसणारा शेवट त्यालाही तोच दिसतो.